तुझा संच कुठला?

२ जून

दादा,

आपलं सूत्र चुकलेलं आहे. बहिःस्थ परीक्षकांनी काल दुपारी तसं लेखी कळवलं, आणि कळवण्याआधी त्यांनी ते दोन वेगळ्या पद्धतींनी करून पाहिलं. तेव्हा ‘बाईंच्या आकडेमोडीत काहीतरी घोळ असेल’ हे वाक्य यापुढे कुणाला ऐकवू नकोस. आकडेमोड स्वच्छ आहे. घोळ आपल्या लेखात आहे, मुख्य सूत्रात, तुझ्या-माझ्या नावाखाली.

हे मी फोनवरच सांगितलं असतं. पण तुझा फोन तुझी सचिव उचलते आणि सर मीटिंगमध्ये आहेत म्हणते. बाईंच्या मेललाही प्रत्येक वेळी तिनेच पोच दिली. इतकी नम्र पोच की बाईंना वाटलं, उत्तरच आलं. म्हणून कागदावर लिहिते आहे, घरच्या पत्त्यावर. वहिनी निदान पाकीट तुझ्या हातात ठेवेल.

बाई म्हणजे माझी विद्यार्थिनी. माझ्यापेक्षा वयानं मोठी, अर्धं आयुष्य शाळेत गणित शिकवून मग इकडे आलेली. विभागात सगळे त्यांना बाईच म्हणतात, फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. प्रबंधाच्या चौथ्या अध्यायात त्यांनी आपलं सूत्र सगळ्यात लहान उदाहरणाला लावलं: ओळीत तीन खोकी, त्यांत एक कण. उत्तर ऋण आलं. माझ्या टेबलावर कागद आपटून म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या सूत्राप्रमाणे मी अर्धी गोष्ट विसरले की मला जास्त कळतं. आधी सांगायचंत! वर्गात पोरांकडून पाठांतर कशाला करून घेतलं असतं?”

मी हसले. मग त्यांची चूक शोधायला बसले. सापडली ती आपली.

आईला ते समजावून सांगायला मात्र घाम फुटला. हल्ली मी घरी आल्या आल्या दार आपटते, म्हणून तिनं विचारलं, काय झालंय ते धड सांग. सांगितलं. आमच्या सिद्धांतात जगाकडे बाहेरून बघणारा कुणी नसतो. काय काय घडू शकलं असतं त्या सगळ्या हकिगतींची मांडणी करायची, तिला म्हणायचं संच. कण आधी इथे, मग तिथे, ही एक हकिगत. आधी इथे, मग पलीकडे, ही दुसरी. या हकिगती लाटांसारख्या एकमेकींत मिसळत असतील तर त्यांच्याबद्दल काहीच बोलता येत नाही. त्या सुट्या झाल्या, तरच कुठली किती संभवते ते सांगता येतं. या सुटं होण्याला आम्ही डीकोहेरन्स म्हणतो. आणि असे सुटे संच पुष्कळ निघतात, त्यांतले काही एकमेकांशी अजिबात न जुळणारे.

“मग त्यात तुमचं काय?” आई म्हणाली.

आमचं एवढंच, की ‘माहिती’ म्हणजे काय ते आम्ही ठरवलं. एक संच घ्यायचा. त्यातल्या संभाव्यता जशाच्या तशा ठेवायच्या, आणि सुरुवातीला जग कसं होतं याबद्दल माणूस जास्तीत जास्त किती अज्ञानी राहू शकतो ते काढायचं. तेवढी त्या संचाची गहाळ माहिती. संच सांगितल्याशिवाय नुसतं ‘माहिती’ म्हणणं फुकट. संचातल्या काही हकिगती एकत्र केल्या की तो भरड होतो, आणि भरड संचात जास्त गहाळ असतं. भरडमधून बारीक वजा केलं की भरडताना काय हरवलं ते कळतं. ही वजाबाकी म्हणजे आमचं सूत्र. फक्त दुसऱ्या पदात आम्ही जो बारीक संच वजा केला तो त्या भरड संचाचा नव्हताच. भलत्याच संचाचा होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. वजाबाकीला अर्थ नाही.

आईनं आयुष्यभर नाटकांचा कपडेपट सांभाळलाय. ती म्हणाली, “म्हणजे सदऱ्याच्या मापातून विजारीचं माप वजा केलंत, आणि एवढं कापड उरलं म्हणून छापलंत.”

“हो.”

“दोघांनी?”

“दोघांनी.”

“शिवून कुणीच पाहिलं नाही?”



ते पद पहिल्यांदा मी मांडलं होतं, तेव्हा मूळ चूक माझी. मी ती संपादकांना कळवून मोकळी झाले आहे. सोबत दुरुस्तीपत्र जोडलंय, त्यावर तुझी सही हवी. घाई अशासाठी, की बाईंची नोंदणी या महिन्याच्या अखेरीला संपते आणि आता मुदतवाढ नाही. आपण दुरुस्ती मान्य केली तर चौथा अध्याय म्हणजे बाईंनी लावलेला शोध. नाही केली तर तोच अध्याय म्हणजे बाईंची चूक, आणि त्यांना पदवी नाही. मधलं काही नाही.

सही कर आणि पाठव. कॉफीचा कप खाली ठेवण्याइतकं काम आहे.

— डावरी


९ जून

दादा,

सही आली नाही. तुझा अभिप्राय आला. मला नाही, पदवी समितीला.

समितीच्या अध्यक्षांनी तुला सूत्राचा कर्ता म्हणून मत विचारलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, आणि माझं पत्र हातात असताना तू लिहिलंस: ‘उमेदवारास गहाळ माहितीच्या व्याख्येचे मूलभूत आकलन नाही. निवडलेल्या संचातील डीकोहेरन्स केवळ स्थूलमानाने आहे. सूत्र दोन्ही लेखकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पडताळलेले आहे.’ खाली सही, शिक्का, पद. तुझं पद दोन ओळींत मावत नाही, हे पहिल्यांदाच पाहिलं.

बहिणीच्या विद्यार्थिनीविरुद्ध भाऊच लिहितोय म्हटल्यावर समितीला तुझं मत फारच निःपक्षपाती वाटलं म्हणे. वा रे निःपक्षपात! घर जाळून कोळशाचा व्यापार.

बाईंनी तो कागद व्हरांड्यात उभ्यानं वाचला. येणारी-जाणारी पोरं त्यांना नमस्कार करत होती, त्या मान हलवत होत्या. वाचून झाल्यावर चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाल्या, “तुमच्या दादांनी प्रबंध उघडलेला नाही. स्थूलमानाने म्हणतात. माझ्या उदाहरणात डीकोहेरन्स अचूक आहे, हकिगतींची सरमिसळ शून्य म्हणजे शून्य. पहिल्याच पानावर आहे ते.” मग त्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाई रडणाऱ्यांतल्या नाहीत. बराच वेळ आतून कपाटातली पुस्तकं काढल्याचे आणि परत ठेवल्याचे आवाज येत होते.

पहिलं पान, दादा. तू पहिलं पानसुद्धा उलटलं नाहीस, आणि ‘मूलभूत आकलन’ हे शब्द वापरलेस.

आता मला एकच गोष्ट सांग. ‘स्वतंत्रपणे पडताळलेले’ हे शब्द आपल्या लेखाच्या शेवटी आहेत, आणि आपल्या घरात त्या शब्दांना वजन आहे. बाबा जमीन मोजायचे तेव्हा दोन मोजणीदार दोन टोकांकडून निघायचे. मध्ये भेटले तरी बोलायचे नाहीत, बिडी मागायलासुद्धा नाही. संध्याकाळी दोघांचे कागद टेबलावर पालथे पडायचे, आणि बाबा ते एकदम उलटायचे. जुळले तर आकडा, नाही तर उद्या परत. आपल्या सुट्टीतल्या गणिताच्या वह्यांनाही ते तोच कायदा लावायचे. मी रडायचे, तू तोंड वेंगाडायचास. पण पुढे आपण दोघांनी मिळून जे काही छापलं ते याच कायद्यानं. तू कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत, मी वर. पाचला खाली यायचं, कागद पालथे. जुळलं की मगच जेवण.

त्या दिवशीही कागद पालथे होते. उलटले तर सूत्र तेच, अक्षर न् अक्षर. आपण इतके खूश झालो की तू मला उचलून गोल फिरवलंस, आणि वहिनी म्हणाली, अरे कंबर जाईल तुझी.

मी त्या दिवशी दुसऱ्या पदात चुकीचा संच घेतला. ठीक. पण तू त्या दिवशी तुझ्या खोलीत बसून दुसऱ्या पदात काय घेतलंस? तुझा संच कुठला होता? अभिप्राय नको, व्याख्यान नको, शिक्का तर नकोच. संच सांग.

— तुझी बहीण


१७ जून

दादा,

तुझी मेल वाचली. लांबलचक आहे. सचिवेनं टंकली असेल तर तिची दया येते.

आधी तू म्हणतोस, ‘संच अर्थातच लेखात छापलाय तोच. मी तो स्वतः काढला होता.’ आणि मग तीन परिच्छेद असे: क्वांटम सिद्धांतात एकाच घटनेची दोन वर्णनं दोन वेगळ्या संचांत खरी असू शकतात, ती एकत्र करायला नियमच मनाई करतो, तसंच ‘तुझ्या हकिगतीत मी पडताळलं नाही आणि माझ्या हकिगतीत पडताळलं’, या दोन्ही आपापल्या संचात सुसंगत आहेत, आणि त्यांची सरमिसळ करून भांडणं हे शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक.

शास्त्रीयदृष्ट्या! हे वाक्य मी उभी राहून वाचलं, आणि मग परत बसून वाचलं, कारण उभ्यानं पुरेसा राग येत नव्हता.

तो नियम कशासाठी आहे हे मी तुला शिकवू? नियम एवढाच, की जे दोन संच तिसऱ्या एका बारीक संचात मावत नाहीत त्यांची विधानं जोडू नका. एकाच कणाबद्दल ‘पहिल्या खोक्यात नक्की होता’ आणि ‘तिसऱ्या खोक्यात नक्की होता’, ही दोन विधानं दोन संचांत खरी असू शकतात, जोडली की वेडेपणा. पण तू म्हणजे कण नाहीस. तू अंगानं चांगला भरलेला माणूस आहेस. त्या दुपारी तू खुर्चीत बसला होतास की नव्हतास, पेन उचललंस की नाही, याच्या खुणा खुर्चीवर, कागदावर, हवेत, वहिनीच्या डोळ्यांत, सगळीकडे पसरल्यात. त्या हकिगती कधीच्या सुट्या झाल्या. ‘तू गणित केलंस’ आणि ‘तू केलं नाहीस’ ही एकाच संचातली दोन उत्तरं आहेत, आणि त्यांतलं एकच घडलं. आपण आयुष्य घालवलं ते लोकांनी भलभलतं बोलू नये म्हणून. तू त्याच नियमाचा पडदा करून मागे जाऊन बसलास. एखाद्या भोंदूनं हे केलं असतं तर तूच त्याच्यावर लेख लिहिला असतास.

आता तुझ्या पहिल्या वाक्याकडे येते. ते लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

माझा चुकीचा संच चुकीचा कसा झाला, हे मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. बाईंनाही परवाच सांगितलं. मी डावरी. शाईच्या पेनानं डावीकडून आकृती काढत गेले की तळवा ओल्या शाईवरून फिरतो आणि सगळं फराटतं. म्हणून आकृती मी उजवीकडून काढते, आणि खोक्यांना आकडे उजवीकडून देते. सूत्र मात्र जगासारखं डावीकडून लिहिते. एरवी मध्ये भान ठेवून उलटवून घेते. त्या दिवशी दुसऱ्या पदात उलटवायचं राहिलं. त्यामुळे पहिल्या पदातलं ‘पहिलं खोकं’ डाव्या टोकाचं, आणि दुसऱ्या पदातलं ‘पहिलं खोकं’ उजव्या टोकाचं. बस. एवढ्यानं संच बदलला.

बरोबर उत्तराला दोन माणसं दोन वाटांनी पोचली तर त्यात नवल नाही, बरोबर उत्तर एकच असतं. चुकायच्या वाटा हजार. त्या हजारांतली माझ्या डाव्या तळव्यानं काढलेली वाट तुला कशी सापडली, दादा? तू उजवीकडून मोजायला कधीपासून लागलास?

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझी आकृती उलटी धरून पाहिली. मग म्हणाल्या, “मॅडम, वर्गात दोघांचं उत्तर बरोबर आलं तर मी दोघांना शाबासकी द्यायचे. दोघांची चूक एकसारखी आली तर दोघांचे बाक वेगळे करायचे. यात क्वांटम कुठे आलं?”

कुठेच नाही. तू माझ्या कागदावरून उतरवलंस. त्या संध्याकाळी टेबलावर दोन कागद होते, पण साक्ष एकच होती. दुसऱ्या कागदानं आपल्या माहितीत काय भर घातली ते तूच काढ, तुझा विषय आहे.

मला चुकीचा राग नाही. चूक करायलाही बसावं लागतं, पेन उचलावं लागतं. तू तेवढेही कष्ट घेतले नाहीस. आणि आता त्या न घेतलेल्या कष्टांच्या जोरावर, ज्या बाईनं खरंच गणित केलं तिला आकलन नाही म्हणतोस.

अभिप्राय मागे घे. दुरुस्तीपत्रातल्या मजकुरात मी एक ओळ वाढवते आहे: दुसऱ्या लेखकाची पडताळणी स्वतंत्र नव्हती.

— धाकटी


२२ जून

दादा,

काल सकाळी वहिनीचा फोन आला. तू तिला करायला सांगितलास की तिनं आपणहून केला, ते मी विचारलं नाही.

ती म्हणाली, “अगं, तो हल्ली गणित करतच नाही. डायरेक्टर झाल्यापासून नाही केलं. सुरुवातीला रविवारी बसायचा, मग नुसता बसायचा. आता ती खोली पाहुण्यांना देतो आम्ही.”

मी विचारलं, “त्या दिवशी काय झालं होतं?”

“त्या दिवशी तू आईंचा फोन घ्यायला अंगणात गेलीस ना, तेव्हा तो जिना चढून वर गेला. मला म्हणाला, तिचं बरोबरच असतं गं, कशाला दोनदा.” मग तिनं घाईनं जोडलं, “कौतुकानंच म्हणाला होता हो.”

हे कौतुक मी बरेच तास गिळायचा प्रयत्न केला. जात नाही खाली. माझं बरोबरच असतं तर बाबांना दुसरा मोजणीदार लागला नसता. मला तुझा विश्वास नको होता. तो मला आईकडून मिळतो, शेजारणीकडूनही मिळतो. मला तुझा संशय हवा होता. जगात एकच माणूस माझ्या गणितावर नीट संशय घेऊ शकत होता. आणि तुला जमेनासं झालं होतं तर तसं म्हणायचं. सराव सुटला, वेळ नाही, भीती वाटते, काहीही म्हणायचं. मी दुसरं कुणीतरी बघितलं असतं. तुला तेव्हा हसले नसते. आता हसू येत नाही.

संध्याकाळी तुझी मेल आली. तू दुरुस्तीपत्रावर सही करशील, अभिप्रायही मागे घेशील, मी ती वाढवलेली ओळ काढली तर. ‘कुटुंबातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला.’

मी तडकाफडकी नाही म्हणून लिहिलं. पाठवण्याआधी बाईंना दाखवलं. वाटलं, त्या पाठ थोपटतील. त्यांनी वाचलं आणि कागद परत माझ्या अंगावर टाकला.

“माझी पदवी कुणाच्या दोरीवर वाळत घालताय तुम्ही?”

“बाई, तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व तुमचं, भाऊ तुमचा, ओळ तुमची. नोंदणी माझी संपते आहे! माझ्या अध्यायात तुमच्या ओळीची गरज आहे का? नाही. सूत्र चुकलं एवढं मान्य झालं की माझं भागलं. कोणी कुणाचं बघून उतरवलं ते तुम्ही दोघं जन्मभर भांडत बसा, मी पेढ—” त्या मध्येच थांबल्या, चष्मा पुसला. “मला आता परत वर्गावर जायचं नाही, मॅडम. शाळेनं जागा भरलीय. तिकडे दार बंद आहे.”

तुझ्यावर इतके दिवस ओरडत होते, आणि त्यात बाईंना मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला तेव्हा कळलं.

तर ऐक. ओळ काढली. दुरुस्तीपत्र दोघांच्या नावानं जाईल, पडताळणीबद्दल एक शब्द नाही. तुझी अब्रू सुरक्षित आहे, कपाटात ठेव तिला. अभिप्राय आज मागे घे. आज म्हणजे आज. समिती उद्या बसते.

मी हे तुझ्यासाठी केलेलं नाही, हे वेगळं लिहायला नको. तरी लिहिते.

— तीच


२६ जून

दादा,

सही केलीस, पोचली. संपादकांनी दुरुस्ती स्वीकारली. ती पुढच्या अंकात येईल, म्हणजे बाईंची मुदत संपल्यावर. म्हणून सगळं तुझ्या अभिप्रायावर होतं.

आणि तू तो मागे घेतला नाहीस. ‘सुधारित अभिप्राय’ पाठवलास. ‘उमेदवाराचा निष्कर्ष एका संचाच्या चौकटीत ग्राह्य धरता येईल, अन्य चौकटीत मूळ सूत्राची उपयुक्तता अबाधित राहते.’ मागे घेतो हे दोन शब्द लिहिताना तुझ्या शिक्क्याला काय झालं असतं? सूत्र चुकलं असं छापायला सही देतोस आणि त्याच हातानं ते अबाधित आहे म्हणून समितीला कळवतोस. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “याला लहानपणीच दोन लावायला हव्या होत्या. तुझे बाबा मोजण्यात राहिले.”

समितीत काय झालं ते ऐक, कारण तुला कळवलेल्या पत्रात ते अर्धंच असणार. अध्यक्ष रसायनशास्त्राचे आहेत. त्यांनी परीक्षकांचं पत्र एका हातात धरलं, तुझं दुसऱ्या हातात, आणि म्हणाले, “मला तुमचे संच आणि चौकटी कळत नाहीत. धन की ऋण, तेवढं कळतं. एक तज्ज्ञ म्हणतात ऋण येतं. दुसरे तज्ज्ञ म्हणतात, येतंही आणि नाहीही. आमच्याकडे परीक्षानळीसमोर कुणी असं बोललं तर आम्ही म्हणतो, करून दाखवा.”

आणि तसाच ठराव झाला. तीन खोक्यांचं उदाहरण, दोन फळे, दोघा तज्ज्ञांनी, म्हणजे परीक्षकांनी आणि तू, समितीसमोर करायचं. दोघांचं उत्तर ऋण आलं तर प्रबंध तिथल्या तिथे मंजूर. जुळलं नाही तर प्रबंध फेरलेखनाला परत, म्हणजे बाईंचं संपलं. सोबत नोट, पुस्तक, फोन काही नाही. अध्यक्षांनी एक सवलत ठेवली आहे: बुधवारपर्यंत ‘मी हे गणित केलेलं नाही, माझा अभिप्राय विचारात घेऊ नये’ अशी एक ओळ तुझ्याकडून आली तर फळ्याची गरज नाही, परीक्षकांचं मत पुरेसं.

एक ओळ. तुझ्या पदापेक्षा लहान.

बाई तयारी करत नाहीत. त्यांना करायचं काहीच नाही, त्यांचं करून झालंय. काल त्यांनी विचारलं, “येतील का हो ते?” मी म्हटलं, येतील. “जमेल त्यांना?” एके काळी तुला ते कॉफी गार व्हायच्या आत जमलं असतं.

सकाळी वहिनीचा पुन्हा फोन. रडत होती. तू तीन रात्री त्या पाहुण्यांच्या खोलीत कागद घेऊन बसतोस आणि सकाळी टोपली भरलेली असते. ती म्हणाली, “तू फक्त पायऱ्या पाठव ना गं. त्याला पाठ होतं लवकर. बाईंचंही काम होईल त्यात.” तिचं म्हणणं खोटं नाही. पायऱ्या माझ्यासमोर टेबलावर आहेत, जेमतेम दोन पानं. पाकिटात घातल्या तर बाईंना पदवी मिळते, तुझी लाज राहते, वहिनी झोपते, कुणालाच कळत नाही. बाईंना विचारलं. यावेळी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, तेव्हा मी म्हटलं होतं घ्या सौदा. आता नाही म्हणते. पाठ करून लिहिलेल्या उत्तरावर मी पोरांना कधी गुण दिले नाहीत, स्वतः कसे घेऊ?”

म्हणून या पाकिटात एवढंच पत्र आहे. दुसरा कागद शोधू नकोस.

तुझी सचिव म्हणते, एक ओळ येणार नाही. सर स्वतः येणार आहेत, विमान बुधवारी संध्याकाळी उतरतं. आईनं गुरुवारी माझ्याबरोबर यायचं ठरवलंय. मी म्हटलं, तिथे घरच्यांना बसू देत नाहीत. ती म्हणाली, दाराच्या काचेतून बघेन, तो काही लिहिताना कसा दिसतो ते पाहून फार वर्षं झाली. विभागानं साडेदहाची वेळ दिली आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून पहिली. एका फळ्यापाशी परीक्षक उभे राहतील, एका फळ्यापाशी तू, मध्ये पडदा. बाई मागच्या बाकावर असतील. अध्यक्षांनी सांगितलंय की सुरुवात तुझ्यापासून करायची.

— डावरी